लेहहून खर्ड्याला

लडाखमधल्या एका पोस्टवर मी हवालदार होतो. माझं गाव काष्टी. सेक्शनमध्ये नगर जिल्ह्याचा दुसरा एकच, लान्स नायक अंकुश. खर्ड्याचा, वय सव्वीस. आई-वडील ऊसतोडीला जायचे.

जानेवारीत एका सकाळी सहाला तो ड्यूटीवरून आला आणि बंकरच्या दारातच बसला. ओठ निळे पडले होते. त्या उंचीवर फुप्फुसात पाणी साठतं, तसं झालं होतं. मी रेडिओ घेतला.

"एक पेशंट. श्वास लागलाय. हेलिकॉप्टर हवं. ओव्हर."

"वारा जोरात आहे. थांबा. ओव्हर."

ऑक्सिजन लावून आम्ही थांबलो. हेलिकॉप्टर आठ चाळीसला आलं. दुपारी लेहच्या हॉस्पिटलात अंकुशनं प्राण सोडला.

मेजर साहेबांनी मला शवपेटीसोबत गावापर्यंत जायला एस्कॉर्ट नेमलं. युनिटनं घरच्यांना कळवलं होतं. संध्याकाळी मी त्याच्या वडिलांना फोन केला. ते कोल्हापूरकडे उसाच्या फडावर होते.

"लेह म्हंजी किती लांब हाय, सायेब?"

"पुण्यापर्यंत विमानानं अठराशे किलोमीटर. दिल्लीत विमान बदलून पाच तास. उद्या बाराला पुणे, पाचला जामखेड."

"आमी सकाळी टेम्पोनं निगतो. पर पाचला न्हाई जमायचं. थांबाल का?"

"थांबतो," मी म्हणालो. तसं सांगायचा अधिकार मला नव्हता.

सकाळी सहा पन्नासला लेह सोडलं. दिल्लीहून पुढचं विमान नेहमीचं, प्रवाशांचं. पेटी खाली, सामानाच्या जागेत. मी वर, खिडकीजवळ. शेजारच्या बाईंनी विचारलं, सुट्टीवर चाललात का? मी हो म्हणालो.

पुण्याहून लष्कराच्या गाडीनं पाचला जामखेडला पोचलो. टेम्पो नव्हता. पुढे खर्ड्यात सगळं गाव उभं होतं. तालुक्याचे एक अधिकारी म्हणाले, "अंधाराच्या आत उरकलं पाहिजे. निघा."

पुण्याहून सोबत आलेल्या कॅप्टन साहेबांना मी म्हणालो, "साहेब, त्याच्या वडिलांना मी शब्द दिलाय."

त्यांनी घड्याळ पाहिलं. ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी बंद कर."

पाच पंचेचाळीसला टेम्पो आला. वडील आमच्या गाडीत पुढे ड्रायव्हरजवळ बसले. आई मागे माझ्यासमोर पेटीला धरून बसली. तिच्या हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. तिनं मला विचारलं.

"इमानात त्याच्याजवळ कोन हुतं?"

"मी."

"सगळा येळ?"

"व्हय. सगळा येळ."

त्याच्या-माझ्यामध्ये विमानाचा मजला होता, हे मी सांगितलं नाही.

अंधार पडता पडता खर्ड्यात मानवंदना झाली. कॅप्टन साहेबांनी घडी केलेला तिरंगा आईच्या हातात दिला.

आता मी निवृत्त आहे. ते दोघं अजून उसाला जातात. जानेवारीत मी फडावर जाऊन भेटतो. आई विचारते, तिकडं काय खायचा, कुनाशी बोलायचा. मी तेच तेच सांगतो. पहाटे बर्फ वितळवून तो पाणी गरम करायचा. भरलेला पहिला मग मला द्यायचा, आणि स्वतः शेवटी घ्यायचा.