आबांचा खुलासा

किसनआबा बैठक अर्ध्यावर सोडून चहाला उठत. संस्थेचा चहा समोर आलेला असे, तरी ते रस्त्यापलीकडच्या टपरीवर जात, स्वतःच्या पैशांनी कप घेत, आणि आम्ही चार विश्वस्त वाट बघत बसायचो. "संस्थंचा च्या पोटात गेला की त्वांड गप बसतं," म्हणत. पुढे पुढे बाकीचे तिघेही त्यांच्यामागून जाऊ लागले. आत मी एकटा, पाच कपांसमोर.

नव्वदच्या दशकात जळोचीला आमची बालवाडी होती. आबा अध्यक्ष, मी चिटणीस. ठराव, अर्ज, मसुदे सगळे माझे. लोक मात्र "आबांची बालवाडी" म्हणत. मेंढरं राखत वाढलेला, जेमतेम सही करणारा हा माणूस दारात दिसला की पोरं त्याच्या धोतराला लोंबकळायची. मला ते बघवत नसे.

शिकवणाऱ्या बाई सोडून गेल्या तेव्हा बालवाडीचा कोर्स केलेली गावात एकच होती, आबांची सून सुमन. तिच्या नवऱ्याचं काम नुकतंच सुटलेलं. तरी आबा नको म्हणाले. विश्वस्ताच्या घरच्याला पगार द्यायचा तर आधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी हवी, असं आमच्या नियमावलीत कलम होतं.

"परवानगीचं मी बघतो," मी म्हणालो.

"बघा बरं रामभाऊ. न्हायतर म्हणतील, म्हाताऱ्यानं घर भरलं."

सुमन शिकवू लागली. अर्ज मी लिहिला, पण पाठवला नाही. आधी आळस; मग लक्षात आलं, हा कागद माझ्या खणात आहे तोवर आबा माझ्या मुठीत आहेत. वर्षभराने मी पुण्याच्या धर्मादाय कार्यालयाला टाईप केलेलं निनावी पत्र धाडलं: अध्यक्ष संस्थेच्या पैशावर सुनेला पोसतात.

नोटीस आली, ती घेऊन आबा माझ्याच घरी आले.

"परवानगीचा अर्ज गेलाच न्हाय व्हय?"

"राहून गेला, आबा."

त्यांनी नोटिशीची घडी घातली. मग म्हणाले, "खुलासा लिवा. अध्यक्ष मी हाय. परवानगीचा कागद न बघता सुनंला कामावर घेतलं, ही चूक माझी."

"चिटणीसाकडून राहिलं, असं लिहू?"

"नगं. तुमाला बँकेची नोकरी हाय. चौकशी लागली तर पोरंबाळं उघडी पडतील."

आबांनी राजीनामा दिला. सुमन एसटीने लासुर्ण्याला, निम्म्या पगारावर शिकवायला जाऊ लागली. अध्यक्ष मी झालो. पुढे आबा वारले. त्याआधी दहा वेळा आम्ही समोरासमोर बसलो, आणि पत्राचं मी बोललो नाही.

तो खुलासा मी सुवाच्य अक्षरात लिहिला, त्यांना वाचून दाखवला, सही जिथे करायची तिथे बोट ठेवलं. त्या वेळी मला लाज वाटायला हवी होती. वाटला तो हेवाच. हेही या माणसाला इतकं सहज जमतं, असं मनात आलं.