हलव्याला काटा येईना

भोरात तेव्हा राजाचं राज्य होतं आणि आमच्या आळीत माझ्या सासूबाईंचं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घालायचे, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी सुनेकडे बघायचं सोडून हलव्याचा काटा निरखायचा, अशी रीत. काटा म्हणजे दाण्यावर उभी राहणारी साखरेची बारीक टोकं. सासूबाईंच्या हलव्याचा काटा बोटाला टोचायचा म्हणे. त्यांचं बोलणंही टोचायचं, पण त्याला संक्रांत लागत नसे.

त्या वर्षी नेमकं त्यांच्या अंगठ्याला नखुरडं झालं. "आता तुझं दागिनं तूच घडीव," त्या म्हणाल्या. "काटा न्हाई आला तर बायका म्हणत्याल, वेल्ह्याच्या डोंगरातनं धोंडा आणलाय सून म्हणून." माझं माहेर वेल्ह्याकडचं. मी लगेच परात काढली.

परातीत खसखस घ्यायची, खाली मंद निखारे ठेवायचे, आणि चमचा-चमचा पाक सोडत बोटांनी हलवत राहायचं. मी दोन दिवस हलवलं. बोटांची सालटी निघाली, दाणे फुगले, पण ते सगळे गुळगुळीत आणि चिकट. सासूबाई आधी हवेला बोलल्या, मग कोळशाला, मग त्यांनी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. तरी काट्याचं नाव नाही.

आमचे हे शाळेत शास्त्र शिकवायचे. सासूबाई मागल्या दारी गेल्या असं बघून ते परातीशी उकिडवे बसले आणि वर्गात बोलावं तसं बोलू लागले. "नुसत्या पाकात साखर सहजासहजी बसत नाही. तिला टेकायला काहीतरी लागतं. खसखशीचा दाणा म्हणजे मांडलेला पाट. त्यावर पहिला कण बसला की मग पंगतच बसते, एकाला लागून एक. पाणी तापताना बघ, बुडबुडेसुद्धा पातेल्याच्या चऱ्यांतूनच सुटतात."

"मग माझ्या पाटावर कुणी का बसत नाही?" मी विचारलं.

यांनी चष्मा काढून पुसला, आणि शाळेची वेळ झाली म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी एक दाणा जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "हे आंबट कशानं?"

"लिंबू पिळलं," मी म्हटलं. माझा सुधारस माहेरी नावाजलेला होता. आई सांगायची, पाकात लिंबू सढळ हातानं पिळ, म्हणजे साखर पुन्हा खडे धरून तळाशी बसत नाही. ते मी इथंही इमानेइतबारे पाळलं होतं. साखरेनं बसू नये म्हणून लिंबू घातलं, आणि ती बसत का नाही म्हणून दोन दिवस देवाला साकडं घालत होते.

सासूबाई पोट धरून हसल्या. "पंगतीचं पाट मांडलं आन त्याच्यावर त्याल वतलं गं तू." म्हणजे मागल्या दारातून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

संक्रांत तीन दिवसांवर आली होती. त्यांनी नवी खसखस काढून दिली, पाकात दुधाचे थेंब टाकून मळी काढायला लावली, आणि लिंबांची टोपली उचलून स्वतःच्या खाटेखाली ठेवली. मी पहाटेच्या गारठ्यात पुन्हा बसले. दुसऱ्या दिवशी दाणा बोटाला टोचला. मला इतका आनंद झाला, की यांना वर्गातून बोलावून दाखवावासा वाटला.

हळदीकुंकवाला घर भरलं. पहिल्याच बाईनं माझा हार चाचपला आणि सासूबाईंना म्हणाली, "तुमच्या हाताची सर कुणाला न्हाई बघा." सासूबाई हसल्या आणि कुंकू लावत राहिल्या. दुसरी तेच म्हणाली, तिसरीही तेच. तिन्ही वेळा त्यांनी ते खुशाल पदरात घेतलं. मी मान खाली घालून बसलेली. रागानं माझे डोळे भरून आले.

चौथीनं तोंड उघडलं तेव्हा त्यांनी कुंकवाची कोयरी खाली ठेवली. "म्या यंदा परातीला हातबी लावला न्हाई. ही बसली. आधी लिंबू पिळून समद्याचं वाटोळं केलं, मग परत बसली. काटा आन लिंबू, दोन्ही तिचंच हाय."

बायका खो खो हसल्या. मला मात्र आवरेना, पाणी गालावरून खाली ओघळलं. सासूबाईंनी घाईघाईनं आपल्या पदरानं माझी हनुवटी टिपली.

"रडू नगं," त्या हळूच म्हणाल्या. "हार विरघळंल."