मास्तरीणबाईंचे पाच शब्द

शिवणकामाच्या दुकानात कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात. या दुकानातला मास्तर वारल्यावर ते काम त्याच्या बायकोच्या हाती आलं, म्हणून गिऱ्हाइकं तिला मास्तरीणबाई म्हणू लागली. त्यालाही आता बावीस वर्षं झाली. कापडाला कात्री लावण्याआधी ती क्षणभर डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची आणि मग एका दमात कापत सुटायची.

सहा वर्षांपूर्वी तिच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस, चार-चार तास, ती डायलिसिसच्या मशीनला बांधलेली. तिथेही तिने गोतावळा जमवला. उजव्या खुर्चीत निवृत्त ड्रायव्हरकाका, डाव्या खुर्चीत पोस्टातल्या बाई. तिघांचं रक्त मशीनमधून फिरायचं आणि तोंडं मोकळी असायची.

गेल्या वर्षापासून मात्र काहीतरी बिनसलं. माप घेऊन टेबलाशी येईपर्यंत आकडा डोक्यातून उडायचा. एका शर्टाच्या बाह्या आखूड झाल्या, एका पँटची कंबर फसली. शिलाई मशीनवर बसणारा मुलगा शेवटी म्हणालाच, "आई, कात्री काही दिवस माझ्याकडे दे."

"का रे? मी काय आंधळी झाले?"

"तसं नाही गं. दवाखान्यात ती डोक्याची तपासणी आहे म्हणालीस ना? तिचं काय येतं बघू. चांगलं आलं तर मी तोंड उघडणार नाही."

ती तपासणी म्हणजे एक संशोधन होतं. वर्षानुवर्षं असा आजार काढणाऱ्यांच्या स्मरणशक्तीवर आणि मनावर काय परिणाम होतो, हे एक तरुण डॉक्टरबाई तपासत होत्या. एकेकाला शेजारच्या खोलीत बोलवायच्या, पाच शब्द सांगायच्या, मधे दुसरंच काहीबाही विचारायच्या आणि मग म्हणायच्या, "आता ते शब्द सांगा."

पहिला नंबर ड्रायव्हरकाकांचा लागला. बाहेर येताच त्यांनी हळूच सांगून टाकलं, "दार, लिंबू, घोडा, पत्र, निळा. पाठ करून ठेवा."

"अहो, हे बरं नव्हे," पोस्टातल्या बाई म्हणाल्या.

"मग आपल्या माणसांना नापास होऊ देऊ?"

मास्तरीणबाईंनी दोन दिवस बोटांच्या पेरांवर ते शब्द घोकले. पाचपैकी पाच आले. मनाबद्दलच्या प्रश्नांना, झोप लागते का, उदास वाटतं का, तिने एकच उत्तर दिलं, "छान चाललंय." घरी येऊन मुलाला पाच बोटं दाखवली. तो बिचारा खरंच गप्प बसला.

त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने लग्नाच्या कोटाचं कापड आणून टाकलं. भारीतलं, उलट-सुलट बाजू वेगळ्या असलेलं. अशा कापडाचे पुढचे दोन भाग एक उजव्या बाजूचा, एक डाव्या बाजूचा असे वेगवेगळे कापावे लागतात. मास्तरीणबाईंनी कापले आणि टेबलावर शेजारी-शेजारी मांडले. दोन्ही डाव्या बाजूचे. चूक तर मोठी होतीच, पण ती घाबरली ते वेगळ्याच कारणाने. पहिला भाग आपण कधी कापला, हेच तिला आठवेना.

मुलाने तुकडे पाहिले, तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "मी गिऱ्हाइकाशी बोलतो." तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या डायलिसिसला ती तडक डॉक्टरबाईंसमोर जाऊन बसली. "माझी परीक्षा परत घ्या. पेपर फुटला होता."

"म्हणजे?"

"शब्द मला आधीच ठाऊक होते. कुणी सांगितले ते विचारू नका."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "तरीच! या पाळीतल्या सगळ्यांना पाचपैकी पाच कसे?" उघड्या दारातून दिसणारे ड्रायव्हरकाका छताकडे बघत बसले होते.

सगळ्यांचे फॉर्म बाद झाले, शब्द बदलले. या वेळी मास्तरीणबाईंना दोनच आठवले. मग मनाचे प्रश्न आले. "खरं सांगू? सकाळी उठावंसंच वाटत नाही. देवापुढे बसते, पण शब्द नुसते तोंडातून जातात. आणि कात्री धरली की धडधडतं."

"हे आधी का नाही सांगितलंत मावशी?"

"मुलाने कात्री काढून घेतली असती."

डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, ते बरंच कमी निघालं. मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. "लांबलेल्या आजारात असं होतं. उदासपणामुळे विसरायला होतं, रक्त कमी असलं तरी होतं. औषधाने थोडं परत येईल. सगळं येईलच, असं मी म्हणणार नाही."

त्या संध्याकाळी ती दुकानात गेली आणि मुलापुढे दोन बोटं धरली.

"दोनच आले. आधीचे पाच खोटे होते."

तिने कात्री उचलून त्याच्या हातात दिली. गिऱ्हाइकाच्या कोटासाठी नवं कापड आणलेलं होतं, ते टेबलावर पसरलं.

"खडूने आखून देणार मी. मापं कापडावरच लिहायची, उजव्या-डाव्यासकट. कापणार तू."

"मला एवढं सरळ येत नाही गं."

"माहीत आहे. म्हणून तर इथे उभी राहणार आहे. कोपर खाली घे आधी."