दुसऱ्याच्या टोपलीवरचा चेहरा

वन्सं खरं म्हणजे फक्त वहिनींच्या वन्सं. नवऱ्याची धाकटी बहीण म्हणून वहिनी त्यांना तसं म्हणायच्या. पण शनिवारच्या बाजारात वहिनी दिवसभर त्यांच्या शेजारी बसून "वन्सं, सुट्टे आहेत का?", "वन्सं, पाणी प्या" असं इतक्या वेळा म्हणत की शेजारच्या गाळ्यावरून मीही त्यांना वन्सं म्हणू लागलो. मग भाजीवाल्या म्हणू लागल्या, मग गिऱ्हाइकं. वन्संनी सुरुवातीला डोळे वटारून पाहिलं, नंतर नाद सोडला.

आमच्या उपनगरातल्या शाळेच्या मैदानावर हा बाजार भरतो. एका बाजूला भाजी, फळं, अंडी. दुसऱ्या बाजूला हातानं केलेल्या वस्तू. मी मध विकतो, आणि मध नक्की कुठल्या बाजूचा हे कुणालाच ठरवता न आल्यामुळे मला मधोमध बसवलंय. वन्सं माझ्या डावीकडे. वेताच्या टोपल्या विणायच्या आणि विणता विणताच विकायच्या. वेत भिजलेला लागतो, म्हणून शुक्रवारी त्यांच्या घरातला आंघोळीचा टब वेतानं भरलेला असे. त्यांचे भाऊ त्या दिवशी बादलीवर भागवत आणि शनिवारी मला येऊन गाऱ्हाणं सांगत.

त्या शनिवारी सकाळी बाजार नुकता लागत होता. एक बाई तरातरा चालत आल्या आणि त्यांनी एक टोपली वन्संच्या पुढ्यात आपटली. टोपलीला बूडच नव्हतं.

"हे काय विकता तुम्ही? जिन्यात बूड निसटलं. सगळे बटाटे तळमजल्यापर्यंत गडगडत गेले. खालच्या मजल्यावरचे काका घसरून पडता पडता वाचले!"

वन्संनी टोपली उचलली, उलटीसुलटी केली. "ही माझी नाही."

"तुमची नाही? मग हे कोण?"

टोपलीच्या मुठीला एक लेबल लोंबत होतं, जाड, खरखरीत कागदाचं. त्यावर वन्संचा फोटो. वन्सं तोंडभर हसताहेत. खाली छापलं होतं : 'आजींच्या हातची टोपली. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कला.'

मी वन्संकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग कानापासून लाल होत गेला.

"आजी?" त्या म्हणाल्या. "कुणाची आजी? माझं लग्न तरी झालंय का?"

"ते मला काय माहीत?" बाई म्हणाल्या.

"आणि पिढ्यान्‌पिढ्या? आमच्या बापानं जन्मात भिंतीला खिळा ठोकला नाही! बिस्किटाच्या कारखान्यात होते मी. कारखाना बंद पडला तेव्हा हे शिकले, बोटं सोलून घेऊन शिकले. ह्यांना कुठून दिसल्या पिढ्या?"

बाईंना पिढ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचे बटाटे गेले होते. आजूबाजूला माणसं जमली आणि कुणीतरी मागून म्हणालं, "आता काय, फोटो असूनही नाही म्हणतात." ते वन्संना झोंबलं. त्यांनी मागच्या दोरीवरची स्वतःची एक चांगली मोठी टोपली ओढून काढली आणि बाईंच्या हातात कोंबली.

"ही माझी. घेऊन जा. हिचं बूड निसटलं तर माझ्या तोंडावर आणून मारा. पण ती तुमची कुठून घेतलीत ते सांगून जा."

बाई वरमल्या. रविवारी कुठल्यातरी बाजारात घेतली, एवढंच त्यांना आठवत होतं. नवऱ्याबरोबर फिरायला गेल्या होत्या, गाडी तोच चालवत होता.

फोटोचा उलगडा वहिनींनी केला. मागे एकदा गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेली एक मुलगी आली होती. "मावशी, जरा हसा ना," म्हणत गाळ्यासमोर ठाण मांडून बसली होती. वन्सं हसल्या नव्हत्याच. "अगं बाजूला हो, गिऱ्हाईक अडवतेस!" असं त्या तिच्यावर ओरडत होत्या. तो 'हो' म्हणताना उघडलेला जबडा म्हणजे लेबलवरचं आजींचं प्रेमळ हसू.

संध्याकाळी सामान गाडीत चढवायला त्यांचे भाऊ आले. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "जाऊ दे ना. फोटोच तर आहे."

"तुझा लावते संडासाच्या दारावर. मग म्हण, फोटोच तर आहे," वन्सं म्हणाल्या.

रविवारी मी सुट्टी घेतो. माझी गाडी रिकामीच असते, आणि खरं सांगायचं तर राग मलाही आला होता. इथं खऱ्या मधाची बाटली उन्हात धरून लोक मला विचारतात, "भेसळ नाही ना?" आणि तिकडे कुणीतरी एका बाईचं तोंडच चोरून विकतंय आणि त्याला कुणी काही विचारत नाही! म्हणून मी गाडी काढली. वन्सं पुढे बसल्या, मांडीवर ती बिनबुडाची टोपली. वहिनी मागे.

आमच्या भागात रविवारी इतके बाजार भरतात हे मला तोवर माहीत नव्हतं. तलावाकाठी एक, वाचनालयाच्या आवारात एक, मोठ्या दुकानांच्या इमारतीच्या गच्चीवर एक. वहिनी आयुष्यात अशा फिरल्या नव्हत्या. घर, शाळेचं मैदान आणि दवाखाना एवढंच त्यांचं जग. त्या दर गाळ्यापाशी थांबायच्या. "वन्सं, हे बघा ना, जांभळी गाजरं!" "वन्सं, ह्या साबणात फुलं घातलीत!" वन्सं गाजरांकडे बघतही नव्हत्या. टोपली पुढे करायच्या आणि विचारायच्या, "हे विकणारा कुठे बसतो?"

पण पाहायचं नाही म्हटलं तरी दिसतंच. तलावाकाठी एक माणूस लाकडी डाव विकत होता, "माझ्या वडिलांनी कोरलेत." गच्चीवर अगदी तसेच डाव एक मुलगी विकत होती, तिच्याही वडिलांनी कोरलेले. दोन्हींच्या दांड्यावर तोच भाजलेला ठिपका, त्याच जागी. वन्सं तिला म्हणाल्या, "तुझा भाऊ तलावाकाठी बसलाय. भेट त्याला कधीतरी." मुलगी कावरीबावरी झाली. मला तिची दयाही आली, कारण ती बहुधा रोजावर होती.

शेवटी एका जुन्या कारखान्याच्या आवारात आम्हाला वन्सं सापडल्या. म्हणजे त्यांचं फलकावरचं तोंड सापडलं, माणसाएवढ्या उंचीच्या कापडी फलकावर. खाली टोपल्यांचा ढीग, सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या. गाळ्यावर फिकट रंगाचा सदरा घातलेला एक तरुण उभा होता, बोलायला अगदी मऊ. आम्ही तयारीत होतो की हा नाकारेल, भांडेल, पळ काढेल. त्यानं वन्संना पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे, आजी! तुम्ही स्वतः आलात!"

वन्संनी टोपली पुढे केली. तेवढ्यात त्यानं खुर्ची ओढली, त्यांना फलकाखाली बसवलं आणि लोकांना हाका मारायला लागला. "या, या! आमच्या आजींना भेटा!" माणसं धावली. मोबाइल वर झाले. एक जोडपं वन्संच्या दोन्ही बाजूंना येऊन उभं राहिलं, हसलं आणि फोटो काढून टोपली घेऊन गेलं.

वन्सं उठून उभ्या राहिल्या. "ही माझी टोपली नाही! मी हिला हातसुद्धा लावलेला नाही! हा खोटं विकतोय!"

"किती गोड आहेत ना!" गर्दीतली एक बाई म्हणाली. "अगदी फोटोतल्यासारख्या!"

वन्सं अजून मोठ्यानं ओरडल्या, लोक अजून हसले. टोपल्या खपत होत्या. आणि तो तरुण त्यांच्या कानाशी लागून म्हणत होता, "तुम्ही आमची प्रेरणा आहात, आजी. दर रविवारी आलात तर आपण काहीतरी मानधन बघू."

मी मधे पडणार होतो, पण माझ्या आधी वहिनी पुढे झाल्या. वहिनी! दुकानदाराला पिशवी मागायलाही ज्या मला पुढे करत. त्यांनी हातातली गाजरं माझ्याकडे दिली, चपला काढल्या, खुर्चीवर चढल्या आणि फलकाची दोरी दातानं सोडवली. एक बाजू सुटली, दुसरी त्यांनी हिसकली. कापड त्या तरुणाच्या डोक्यावरून खाली आलं. मग मात्र कुणी हसलं नाही.

पहारेकरी आला. मागोमाग बाजार भरवणाऱ्या बाईही आल्या. "हे काय चाललंय? दुसऱ्याची वस्तू अशी नेता येणार नाही."

वहिनी फलकाची गुंडाळी करत होत्या. "दुसऱ्याची कुठली?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरातलं माणूस आहे. घरी घेऊन चाललेय."

आणि खरोखरच घेऊन आल्या. पहारेकऱ्यानं एकदा फलकाकडे पाहिलं, एकदा वन्संकडे, आणि वाट सोडली.

बाजार भरवणाऱ्या बाई "चौकशी करू" म्हणाल्या होत्या. ती चौकशी काय झाली देव जाणे. तो गाळा पुढच्या रविवारीही तिथेच होता, जागाही तीच, कोपऱ्यावरची. वन्संचं तोंड तेवढं उतरवलं होतं. इकडे त्यांचे भाऊ तो फलक उलटा करून स्कूटरवर पांघरायला वापरू लागले. "सुटलीस ना आता?" ते बहिणीला म्हणाले. पण त्या दिवशी 'किती गोड' म्हणालेली बाई वन्संच्या मनातून जात नव्हती. "मी शिव्या घालत होते हो," त्या मला एकदा म्हणाल्या, "आणि त्यांना ते लाडाचं वाटत होतं. माणसानं ओरडायचं तरी कसं मग?"

वहिनींना आता फिरण्याची गोडी लागली होती. रविवारी त्या एकट्याच बसनं जाऊन यायच्या. एका शनिवारी गाळ्यावर आल्या त्या तोंड पाडून. पर्समधून त्यांनी लेबल काढलं, तसंच जाड, खरखरीत. त्यावर दुसरीच बाई, चांगली म्हातारी, हातात झाडू. खाली छापलं होतं : 'टोपल्या विणून पाच मुलांना वाढवलेली आजी.'

"माझं काढलं आणि हिचं लावलं," वन्सं म्हणाल्या. विणायचं काम त्यांनी बाजूला ठेवलं. "हिला माहीत आहे का?"

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मी पुन्हा गाडी काढली. म्हातारी सापडली ती पुलाखालच्या बाजारात, भाज्यांच्या रांगेच्या टोकाला. भोवती झाडूंचे गठ्ठे. वन्सं तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि लेबल तिच्या हातात दिलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"फोटो बरा आलाय की," ती खुशीत म्हणाली.

वन्संनी मान खाली घातली. मग वहिनींनी खालची ओळ वाचून दाखवली. म्हातारीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पाच मुलं? मला एकच मुलगी. ती तिकडे चहाच्या टपरीवर भांडी घासतेय बघा." मग लेबल पुन्हा डोळ्यांजवळ नेत, "आणि टोपल्या? मी टोपल्या विणते?"

"तुम्ही विणलेल्या म्हणून विकतो तो. बूड निसटतं त्यांचं," वन्सं म्हणाल्या.

"उद्या लोक माझ्या झाडूलाही नावं ठेवतील!" म्हातारी उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, पण उठली. मुलीला हाक मारून तिनं गाळ्यावर बसवलं, पदर खोचला आणि गठ्ठ्यातला एक लांब दांड्याचा झाडू उपसला.

"कुठे बसतो तो मेला?" तिनं विचारलं.

वन्संनी तिच्या कोपराला हात दिला. मी गाडीचं दार उघडायला पुढे गेलो.