चिमगुळो शब्दाची पोच

रविवार, दसऱ्यानंतरचा पहिला. ठिकाण: कट्टा गाव, बसथांब्यामागच्या घराची पडवी. हजर: निवृत्त पोस्टमास्तर, त्यांचा लॅपटॉप आणि मी. गैरहजर: वाचक.

आलेल्या प्रत्येक अक्षराला उत्तर गेलंच पाहिजे असं मानणारा दुसरा माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात सापडणार नाही. आमचे पोस्टमास्तर निवृत्त झाले ते फक्त कागदावर. बायको गेल्यावर त्यांनी तिच्या तोंडचे मालवणी शब्द एका वहीत उतरवले आणि वहीतून ब्लॉगवर आणले. दर सोमवारी एक शब्द. काचबिंदूने नजर अधू झाली तेव्हापासून टंकायचं आणि वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आहे. मी शेजारीण, शाळेच्या कार्यालयात कारकून, त्यामुळे नोंदी ठेवायची सवय मलाही आहेच. पण मास्तरांपुढे माझी सवय म्हणजे काहीच नाही. त्यांच्या ब्लॉगवरच्या प्रतिक्रियांना आवक क्रमांक आहेत. प्रतिक्रिया आली की एका दिवसात पोच, हा नियम. कोणी नुसतं ‘छान’ लिहिलं तर त्याला पानभर उत्तर जातं आणि शेवटी प्रश्न असतो की नेमकं काय छान वाटलं. तो माणूस पुन्हा कधी फिरकत नाही. एकदा केसांच्या तेलाची जाहिरात करणारी प्रतिक्रिया आली. मी म्हटलं, “मास्तरानू, ही यंत्राने पाठवलेली असते.” ते म्हणाले, “यंत्रामागे कोण तरी आसताच मगे. लिही, आपले आभारी आहोत, घरची मंडळी बरी आसतीत.” लिहिलं. आवक क्रमांक चव्वेचाळीस.

वाचक वाढवायचे तर दुसऱ्यांच्या ब्लॉगवर पाहुणा म्हणून लिहावं, हे मीच त्यांना सुचवलं, आणि त्याचा मला अजून पश्चात्ताप होतो. कोल्हापूरच्या एका बाईंचा पाककृतींचा ब्लॉग होता. त्यांनी कळवलं, “आमच्याकडे पाहुणा लेखक म्हणून जरूर या.” मास्तर गेले. सोलांची पिशवी, दोन नारळ आणि धुतलेलं धोतर घेऊन सकाळच्या गाडीने कोल्हापूरला गेले. बाईंनी आधी दार उघडलं नाही, मग उघडलं, मग जेवायलाही वाढलं. जेवणानंतर मास्तरांनी तिथेच बसून तिवळावर, म्हणजे कोकमाच्या सारावर, चार पानं हाताने लिहून दिली. मी विचारलं, “ई-मेलने पाठवायचा होता ना लेख?” तर म्हणाले, “बाय गो, पावणो ई-मेलान कसो जातलो?”

पुढे ते शेतीच्या ब्लॉगवर पाहुणे झाले, ट्रेकिंगच्या झाले, गर्भवतींच्या आहाराच्यासुद्धा झाले. लेख कसलाही असो, शेवटची ओळ ठरलेली: ‘चिमगुळो हा शब्द कोणी ऐकला असल्यास अर्थ कळवावा. आचऱ्याकडील वाचकांनी विशेष लक्ष द्यावे.’ ही ओळ काढा, संपादक वैतागतात, असं मी तीनदा सांगून पाहिलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “त्याच ओळीसाठी लिवतंय. वरचा सगळा टपालखर्च.”

त्यांची बायको आचऱ्याची. वहीतल्या तिच्या सगळ्या शब्दांचे अर्थ लागले, हा एक राहिला. मास्तर पोस्टातून दुसऱ्यांची पत्रं वाचून देत, लिहून देत उशिरा घरी यायचे, तेव्हा ती दारातून म्हणायची, “इलो माझो चिमगुळो.” कुंपणाच्या अलीकडून मीही ते कितीदा तरी ऐकलंय. तिला अर्थ विचारला का नाही, असं मी एकदा म्हटलं. “घरातलो शब्द, इचारूक कित्याक व्हयो? गोडच आसतलो. गूळ आसा मा त्यात.” वहीचं शेवटचं पान त्यांनी त्याच्यासाठी कोरं ठेवलंय. तो अर्थ लागला की ब्लॉग बंद करायचा, असं ते म्हणतात. दुसरा डोळाही आता फार दिवसांचा नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय.

गेल्या महिन्यात आवक आली. आचऱ्याच्या एका वाडीतल्या वयस्क बाईंनी नातीकडून लिहून घेतलेली. ‘आमच्या वाडयेत चिमगुळो म्हणजे भायरून बरो दिसता, पण भुतूर खोबराच नाय, असो नारळ. कोणाच्या उपयोगाचो नाय. तसोच पडान ऱ्हवता.’

मी ती वाचून दाखवली नाही. प्रतिक्रिया आधी मला दिसतात, मी मंजूर केल्यावर ब्लॉगवर येतात; तिथे ‘प्रलंबित: १’ असा आकडा दिसतो, आणि तो मास्तरांना दिसत नाही. मास्तरांची बायको हा शब्द रागाने म्हणायची की हसून, हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आवाज आठवतो, चेहरा नाही. कुंपण मध्ये होतं. ‘माझो’ म्हणायची, एवढं मात्र नक्की.

आजही त्यांनी विचारलं, “आचऱ्यासून कोण बोलला?”

“नाय अजून, मास्तरानू.”

“बगूया. गाव मोठो आसा.”

आजची कामं. सोमवारचा शब्द टंकला. ‘छान’ला उत्तर गेलं. तेलवाल्यांची पुन्हा जाहिरात आली होती, त्यांनाही पोच दिली. राहिलेलं काम एक. त्या आचऱ्याच्या बाईंनी प्रतिक्रियेच्या शेवटी विचारलंय, ‘तुमका ह्यो शब्द खंय गावलो? आता कोण म्हणत नाय.’ एका दिवसात पोच द्यायचा नियम आहे, आणि आज चोविसावा दिवस.