उंबरातला गुरुवार

परवा गाडीच्या टपावर पिकलं उंबर पडून फुटलं आणि त्या आंबूस वासाने मला तळलेले बोंबील आठवले. मालाडला आमच्या बिल्डिंगखाली उंबर होता. माझे मालवणी बाबा दत्ताचा वार म्हणून गुरुवारी मासळीला शिवत नसत. झाडाखाली पडलेली उंबरं मात्र प्रसाद म्हणून खात. शेजारच्या कोळी काकूंनी बोंबील तळायला घेतले की त्यांना खिडकी लावायला सांगत. एका गुरुवारी काकू खाली आल्या, बाबांच्या हातातलं उंबर घेतलं आणि फोडलं. आतून बारीक किडे भुर्रकन उडाले. "दादा, आम्ही निदान मेलेलं तरी खातो," काकू म्हणाल्या. बाबांनी तोंडातलं न चावता गिळलं. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "गुरवार तर मोडलोच. बोंबील उरले हत काय?"