जड उचलत नाही, हलकं थांबत नाही

वैशालीच्या नवऱ्याचा, मंदारचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका ब्रॅकेटचं वजन कमी करत बसले होते. माझं कामच ते. यंत्रांच्या सुट्या भागांतून जमेल तिथून थोडं थोडं वजन काढायचं आणि भाग तरीही मोडणार नाही एवढं बघायचं. "अनू, वैशाली गेली गं... सकाळी," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं. कुणी भाजी आणायला सांगितल्यावर म्हणावं तसं. फोन ठेवला आणि त्या ब्रॅकेटकडे बघत राहिले. त्याला आता काही आठवडे झाले. वजन कमी करण्याची एवढी विद्या गाठीला असून ती माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीच्या कामी आली नाही, ह्याचा राग अजून जात नाही. तो कुणावर काढायचा हेही कळत नाही.

आमची ओळख इथली, परदेशातली, वेंटवर्थव्हिल नावाच्या उपनगरातल्या एका भाड्याच्या घरातली. दोघी शिकायला आलेल्या, एका खोलीत दोन गाद्या. मी पुण्याची, म्हणजे भांडी कशी घासावीत ह्यावरही मत असलेली. ती कोल्हापूरची, म्हणजे "मी जातो, मी येतो" म्हणत घरभर फिरणारी. कॉलेजात असताना ती पिस्तुलाच्या नेमबाजीत जिल्ह्यापर्यंत गेली होती. पुढे आम्हाला पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळाली, आणि मी टेबल-खुर्चीची नोकरी धरली तेव्हा ह्या बाईने रीतसर कोर्स आणि परवाना करून बँकांची रोकड नेणाऱ्या व्हॅनवर सशस्त्र गार्डची नोकरी पकडली. मी हबकलेच. "आपण इथे दरोडे अडवायला आलोय का गं?" असं विचारलं तर म्हणाली, "दरोडा कुठला! आम्हालाच ट्रॅफिक अडवतंय रोज."

पिस्तूल कंपनीचं, शिफ्ट संपली की डेपोत जमा. घरी यायचा तो फक्त त्याचा वळ, उजव्या कमरेवर, काळानिळा. गरम पाण्याची पिशवी लावून ती सोफ्यावर आडवी व्हायची आणि मला शिकवायची, "कमरेला हलकं पाहिजे बघ. व्हॅनमधनं दिवसभर चढ-उतर. सकाळी त्या वजनाचं काय वाटत नाही, शिफ्ट संपताना कळतंय." आणि रविवारी हीच बाई नेमबाजी क्लबच्या रेंजवर जाऊन भलंमोठं, जड पिस्तूल हातात घ्यायची. मला त्या छंदाची चीड होती, खरंच सांगते. एकदा भांडायच्या तयारीनेच तिच्याबरोबर गेले. शहराच्या टोकाच्या स्कोफिल्ड्सच्याही पुढे, गवताळ माळावर पत्र्याची शेड, मागे मातीचा उंच बांध, आणि पन्नाशी-साठीचे चार गोरे आजोबा थर्मासमधून चहा पीत बसलेले. तिथल्या अधिकाऱ्यासमोर तिने मला तिचं रिकामं पिस्तूल उचलायला दिलं. माझं मनगट लगेच खाली झुकलं. "एवढं जड कशाला? मी निम्मं करून देते." ती एवढी हसली की आजोबाही वळून बघायला लागले. "इंजिनिअरबाई, जड आहे म्हणून तर थांबतंय. हलकं असलं की श्वास घेतला तरी नाचतंय. आणि झटका आपल्याच हाताला." मग ती उभी राहिली, डावा हात खिशात, उजवा समोर ताठ. मी विचारलं, "दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिला तर?" मान न वळवता म्हणाली, "चीटिंग नको, अनू."

लग्नं झाली, तिने मंदारबरोबर स्कोफिल्ड्सला घर घेतलं, इरा झाली, व्हॅनची नोकरी सुटून ती त्याच कंपनीच्या ऑफिसात बसायला लागली. रविवार मात्र सुटला नाही. सराव स्वयंपाकघरात चालायचा. किलोभर तूरडाळीचं पाकीट तिने तपकिरी चिकटपट्टीने गच्च गुंडाळून ठेवलं होतं. सकाळी चहाला आधण ठेवलं की ते उजव्या मुठीत धरायचं, हात सरळ करायचा आणि खिडकीतून मागच्या लिंबाच्या झाडावर नेम धरून उभं राहायचं. फोन स्पीकरवर, पलीकडे मी. आमटीत गूळ किती ह्यावर आमचं भांडण जुंपलेलं असलं तरी हात खाली यायचा नाही. एके दिवशी मधेच म्हणाली, "अनू, डाळ जड झाली की काय गं?" मी म्हटलं, "महाग झालीय, जड नाही." आम्ही दोघी हसलो. त्या हसण्याची आठवण मला नकोशी वाटते.

मग हातातून कप सुटला, मग केसांची क्लिप लावता येईना. तपासण्या झाल्या आणि त्या आजाराचं नाव कळलं. मेंदूकडून स्नायूंपर्यंत निरोप नेणाऱ्या नसा एकेक करून बंद पडतात. उपाय नाही, हे डॉक्टरांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. वैशालीने एकच हट्ट धरला. क्लबची वार्षिक मॅच तिला खेळायची होती. "नंबर नको मला. एक गोळी. माझ्या हातानं, मला पाहिजे तिथं. मग बास." डॉक्टरांशी बोलणं झालं, क्लबवाल्यांनी कुणीतरी सतत शेजारी उभं राहायचं ह्या अटीवर हो म्हटलं, आणि मी कंबर कसली. अखेर माझ्या कामाचं काहीतरी निघालं होतं ना! क्लबने मुलांसाठीचं छोटं, हवेवर चालणारं पिस्तूल दिलं. त्याला तोल साधायला लावलेली वजनं असतात, ती सगळी काढायला लावली. मुठीचं लाकूड आतून कोरलं. क्लबमधल्या छोट्या काट्यावर आकडा खाली गेला की मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं. तिने ते उचललं. हात खांद्यापर्यंत वर गेला, आणि वर गेल्यावर जो डुलायला लागला तो थांबेचना. "उचलतंय गं," ती म्हणाली, "पण आता थांबत नाही." म्हणून काढलेल्या वजनातलं थोडं परत लावलं. तर थांबलं असतं कदाचित, पण वर जाईना. पुन्हा काढलं. पुन्हा लावलं... दर रविवारी तो मधला आकडा मी शोधत होते आणि दर रविवारी तिचा हात माझ्या आकड्याच्या पुढे निघून गेलेला असायचा. कुठलाही भाग मी असा हिशेबाने हलका केला आहे, पण ज्याच्या जोरावर हिशेब करायचा तोच रोज कमी होत असेल तर माणसाने काय करायचं?

मॅचच्या दिवशी आम्ही तिघं, मी, मंदार आणि इरा, रेंजच्या मागच्या काचेआड उभे होतो. तिथून पुढे जायची परवानगी नसते. वैशाली उभी राहिली, डावा हात नेहमीसारखा खिशात. उजवा वर यायला लागला, कोपर वळलं, पिस्तूल डुललं. तिने श्वास सोडला आणि हात खाली घेतला. पुन्हा वर. पुन्हा खाली. इरा पुटपुटत होती, "कम ऑन मम, कम ऑन." तिसऱ्यांदा हात खांद्याच्या रेषेत आला, क्षणभर वाटलं की आता... पण तिने ट्रिगर ओढला नाही. जिथे पाहिजे तिथे लागणार नाही हे तिला कळलं असणार, आणि वैशाली कुठेही लागलेल्या गोळीला आपली म्हणणारी नव्हती. तिने पिस्तूल अलगद टेबलावर ठेवलं, दोन पावलं मागे आली आणि शेजारच्या आजोबांना म्हणाली, "ऑल गुड, मेट. नो वरीज." ते आजोबा टोपी काढून नुसतेच उभे राहिले. मी काचेला हात लावून उभी होते. एवढंच मला करता येत होतं.

शेवटची भेट तिच्याच घरी, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत लावलेल्या पलंगापाशी. दुपारची वेळ होती. बोलणं जड झालं होतं, शब्दाला शब्द जोडायला वेळ लागायचा. तिने नजरेने उजवा हात दाखवला. "उचल." मी तिचा हात हातात घेतला. रिकामा हात एवढा जड असतो हे मला ठाऊक नव्हतं. तिच्या कुठल्याही पिस्तुलापेक्षा जड. एका हाताने मनगट धरलं, दुसरा कोपराखाली घातला आणि खिडकीच्या दिशेने हात सरळ केला. "वर... अजून... हां." तिने एक डोळा मिटला. लिंबाच्या झाडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सोड." मी सोडला नाही. "सोड की गं..." मला माहीत होतं तिला काय बघायचंय. पण सोडला असता तर तो कुठे पडला असता हेही मला माहीत होतं, आणि ते मला बघवलं नसतं. मी हात हळूहळू खाली आणला, पांघरुणावर ठेवला आणि कोपराखालचा माझा हात तसाच राहू दिला. ती माझ्याकडे बघून किंचित हसली. कोपराला टेकू दिला म्हणून ह्यावेळी ती काही बोलली नाही.

परवा मंदारकडे गेले होते. तिची रेंजवरची पिस्तुलं डीलरकडे परत गेली आहेत, ती ठेवायची भिंतीतली तिजोरी उघडी आणि रिकामी आहे. मंदार फडताळ आवरत होता, डाळीचं पाकीट दाखवून म्हणाला, "ह्याचं काय करू? डाळ जुनी झाली." इराने ते त्याच्या हातातून घेतलं आणि माझ्या पिशवीत टाकलं. "मम सेड इट्स फॉर यू, मावशी. शी सेड युअर आर्म्स आर होपलेस." मेल्यावरसुद्धा माझी मापं काढायची सोडली नाहीन हिने.

आता सकाळी आधण ठेवलं की मी ते घेऊन उभी राहते. चिकटपट्टीवर तिच्या बोटांच्या जागा दबलेल्या आहेत, माझी बोटं त्यात नीट बसत नाहीत. माझ्या खिडकीबाहेर लिंबू नाही, शेजाऱ्यांचं कपडे वाळवायचं फिरकं आहे, त्याच्यावर नेम धरते. पाणी उकळायच्या आत हात खाली झुकायला लागतो, आणि माझ्याही नकळत डावा हात येऊन उजव्या कोपराखाली जातो. मी थांबते. वाट बघते... कुणीच "चीटिंग" म्हणत नाही.